एकट्या बापाच्या मागे उभी असलेली बाई

मराठी रंगभूमीवर विधुर आला तो नवरदेव होऊन. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ 1899 साली रंगमंचावर आले, तेव्हा त्यातल्या भुजंगनाथाला म्हातारपणी पुन्हा बोहल्यावर चढायची घाई होती आणि कांचनभटाला पोरीचे पैसे मोजून हवे होते. पुढे 1937 मध्ये प्रभातच्या ‘कुंकू’त केशवराव दात्यांचे काकासाहेब वकिलाच्या कोटात तेच करतात. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून व्ही. शांतारामांनी केलेला हा चित्रपट आजही ताजा वाटतो, कारण शांता आपटेंची नीरा त्या लग्नाला लग्न मानायला साफ नकार देते. काकासाहेबांच्या घरी मोठा मुलगा आहे, कर्ती लेक आहे. त्यांची आई गेल्यावर या माणसाने त्यांना कसे वाढवले, कोणाच्या मदतीने वाढवले, हे मात्र कोणी विचारत नाही. विधुराची मुले कथेत आली ती बापाची शोभा करायला.

आता उलट झाले आहे. बायको गेलेला, पोर पदरात असलेला आणि दुसरे लग्न न करता ते पोर वाढवणारा बाप हा जगभर भावनाप्रधान चित्रपटाचा हक्काचा नायक आहे. अमेरिकेत मॅथ्यू लोगेलिन नावाच्या माणसाची बायको बाळंत झाल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली. त्याने लेकीला वाढवण्याची हकिकत लिहिली आणि 2021 मध्ये त्या हकिकतीवर ‘फादरहूड’ हा चित्रपट निघाला. मराठीत 2017 साली निपुण धर्माधिकारींच्या ‘बापजन्म’मध्ये सचिन खेडेकरांनी मुलांपासून दुरावलेला विधुर बाप उभा केला. प्रेक्षक असे चित्रपट पाहून रडतात आणि ते रडणे खरे असते. पण मराठी समाजाचा गेल्या दोनशे वर्षांचा हिशेब मांडला, तर हा नायक पडद्यावर यायला इतका उशीर का लागला, हा प्रश्न पडतो. त्याच्या उत्तरात बापापेक्षा दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट दडलेली आहे.

पहिले कारण साधे आहे. तान्ह्या पोराचा विधुर बाप पूर्वी इतका सर्रास दिसे की त्याची गोष्ट करावी असे कोणाला वाटलेच नाही. बाळंतपण हे बाईच्या मरणाचे मोठे कारण होते. 1990 च्या सुमारास देशात दर लाख जिवंत जन्मांमागे साडेपाचशेवर माता दगावत होत्या. 2018-20 च्या नमुना पाहणीत हा आकडा 97 वर आला. महाराष्ट्रात 2001-03 मध्ये तो 149 होता, 2018-20 मध्ये 33. ही घट नर्सबाई, आशाताई, रक्तपेढी आणि रात्री-बेरात्री धावणारी रुग्णवाहिका यांनी मिळवलेली आहे. जे दर चार घरांआड घडत होते, ते आता विरळ झाले. विरळ झाले म्हणून ते लोकांना हलवते. आमच्या पणज्यांना ‘फादरहूड’ दाखवला असता तर त्यांनी बहुधा एवढेच विचारले असते की या पोराला आत्या नाही का?

दुसरे कारण बिजवर. बायको गेली की तेराव्याचे जेवण पचायच्या आत स्थळे येऊ लागत. न्यायमूर्ती रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई 1873 साली वारल्या आणि त्याच वर्षी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून एकतीस वर्षांच्या माधवरावांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या माणसाने विधवेशी लग्न न करता कुमारिका पत्करली, म्हणून सुधारकांनीच त्यांना बोल लावले. पुढच्याच वर्षी गोपाळराव जोशांनी नऊ वर्षांच्या यमुनेशी लग्न केले. तीच पुढे डॉक्टर आनंदीबाई. गोपाळरावही बिजवरच होते, पहिल्या बायकोचा मुलगा त्यांना होता. आनंदीबाईंची गोष्ट आपण पुष्कळदा सांगितली आणि ती सांगायलाच हवी होती. त्या मुलाची कोणी सांगितली?

याच काळात उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला काय चालले होते ते वेगळे सांगायला नको. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. पण मराठी ब्राह्मणांतला पहिला गाजलेला विधवाविवाह व्हायला 1869 उजाडले आणि तो करणाऱ्यांच्या वाट्याला बहिष्कार आला. मरण एकच, पण त्याने पुरुष नवरदेव झाला आणि बाई केशवपनाला बसली. ‘शारदा’ आणि ‘कुंकू’ यांचा राग याच विषमतेवर होता. म्हणून त्यांना विधुर हवा होता तो खलनायक म्हणून, नाहीतर दयनीय म्हातारा म्हणून. मूल मांडीवर घेतलेला विधुर त्यांच्या कामाचा नव्हता.

इथे थांबून एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण पुण्या-मुंबईच्या इतिहासात ती नेहमी गळते. वरचे सारे चित्र उच्चवर्णीयांचे आहे. कुणब्यांसह बहुतेक शेतकरी जातींत पाट लावण्याची रीत होती. विधवाही पुन्हा संसार मांडू शकत होती, तिच्या पहिल्या मुलांचे काय करायचे ते भाऊबंदांत ठरे. पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान मिळेच असे नाही. तरी वाट बंद नव्हती. वैनगंगेच्या काठच्या आमच्या झाडीपट्टीत, धानाच्या शेतीवर जगणाऱ्या घरांत, बाई गेली म्हणजे प्रेमाचे माणूस जाई आणि रोवण्याची जोडीही मोडे. गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावण्याचे काम आजही बायकांच्याच हातांचे आहे. अशा घरात पुरुषाने पुन्हा लग्न करणे हे हौसेपेक्षा हंगामाच्या निकडीने होत होते. नाट्यगृहात बसून भुजंगनाथाला हसणाऱ्यांना ही निकड कधी कळली नाही.

आता त्या घराकडे येऊ, जिथे ही गोष्ट वेगळी घडली.

पुण्यात गोविंदराव फुले यांचा फुलांचा धंदा होता. पेशवाईत फुले पुरवण्याच्या कामामुळे घराण्याला जमीन मिळालेली होती. त्यांना दोन मुलगे, राजाराम आणि 1827 साली जन्मलेला जोती. जोती वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा चिमणाबाई वारल्या. गोविंदराव तेव्हा तरुण होते, खाऊन-पिऊन सुखी होते आणि दुसरे लग्न करायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. त्यांनी ते केले नाही. मुले सांभाळायला नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर पुढे आल्या. सगुणाबाई बालविधवा होत्या. एका मिशनरी साहेबाच्या घरी त्या मुले सांभाळण्याचे काम करत आणि तिथे वावरून इंग्रजी संभाषण त्यांच्या कानावरून गेलेले होते. जोतीराव आणि पुढे सावित्रीबाईही त्यांना ‘आऊ’ म्हणत.

महाराष्ट्राच्या इतिहासात एकट्या बापाने वाढवलेले मूल शोधायला निघालो तर सर्वांत मोठे नाव हे सापडते. आणि ते सापडताच ‘एकट्या’ हा शब्द डळमळतो. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही हे त्यांचे मोठेपण आहे, ते कमी करण्याचे कारण नाही. पण रात्री पोर रडले की उठणारी, अंगात ताप आहे का हे हात लावून बघणारी माणसे दोन होती. त्यांतल्या एकीला स्वतःचा संसार उरला नव्हता, म्हणून ती दुसऱ्याच्या संसाराला मोकळी होती. विधुराच्या घराला असा हात सहज मिळत असे, कारण समाजाने अशा बायका तयारच करून ठेवल्या होत्या. नवरा मेलेल्या, टाकलेल्या, माहेरी परतलेल्या. कोणाची आत्या, कोणाची मावशी. ज्यांना दुसरे घर मिळू दिले नाही त्यांच्या जिवावर बापांची घरे उभी राहिली.

गोविंदरावांची गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही, हे चांगले आहे. त्यांनी मुलाला शाळेत घातले, लोकांच्या बोलण्याला भिऊन काढले आणि शेतात जुंपले. शेजारचे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट साहेब यांनी समजावले तेव्हा 1841 मध्ये त्याला पुन्हा मिशनच्या शाळेत घातले. मुलाने 1848 मध्ये मुलींची शाळा काढली आणि लगेच, 1849 मध्ये, याच बापाने मुलाला नि सुनेला घर सोडायला लावले. आईविना पोराला ज्याने सांभाळले तोच जातीच्या दडपणापुढे हरला. एवढा नाट्यपूर्ण बाप मराठीला दुसरा मिळणे कठीण. तरी पडद्यावर गोविंदराव बहुधा उंबऱ्यावरच भेटतात, मुलाला बाहेर काढण्याच्या प्रसंगापुरते. त्याआधीची वीस वर्षे चित्रपटाला नको असतात.

आणि मुलाने पुढे काय केले? 1863 मध्ये त्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या, अडकलेल्या विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे किंवा घेऊन जावे. तिथेच 1874 साली एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला, तो यशवंत. स्वतःला मूल नाही म्हणून दुसरी बायको करावी, हा चारचौघांचा सल्ला जोतीरावांनी कधीच मानला नव्हता. आई गेल्यावर दुसरी न आणणारा बाप, एका बालविधवेच्या मांडीवर गेलेले बालपण आणि विधवांच्या बाळांसाठी उघडलेले घर. चरित्रकार यात सरळ कार्यकारण दाखवायला कचरतील. आम्हाला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

आचार्य अत्र्यांनी 1953 मध्ये ‘श्यामची आई’ काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पाठोपाठ त्यांनी ‘महात्मा फुले’ काढला, बाबूराव पेंढारकरांना जोतीराव केले आणि पुढच्या वर्षी मराठीसाठीचे रौप्यपदक मिळवले. पहिला चित्रपट आईने घडवलेल्या मुलाचा. दुसरा, आई आठवतही नसलेल्या मुलाचा. पहिला घरोघरी पोचला आणि आईपणाची मराठी मूर्ती पक्की झाली. दुसऱ्यातला बाप आणि आऊ यांच्यावरून अशी मूर्ती कोणी घडवली नाही. 2024 मध्ये ‘सत्यशोधक’, 2025 मध्ये हिंदीत ‘फुले’ आला, तरीही नाही.

असाच आणखी एक बाप आहे. सुभेदार रामजी सकपाळ. साताऱ्यात असताना त्यांच्या पत्नी भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना जपले ते मीराबाई आत्याने, म्हणजे रामजींच्या बहिणीने. याही नवऱ्याच्या घरी न नांदता भावाकडे राहिलेल्या. पुढे रामजींनी एका विधवेशी दुसरे लग्न केले आणि भीमरावांचे तिच्याशी जमले नाही. म्हणजे एकाच घरात आत्या आली आणि सावत्र आईही आली. मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत संसार असताना अभ्यासाला जागा मिळावी म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला उठवत. पुस्तकाला पैसे नसले तर लेकीकडे जात, तिचा दागिना गहाण टाकत. या बापावर स्वतंत्र चित्रपट व्हायला हवा, आणि त्या लेकीवरही. आपला दागिना भावाच्या पुस्तकासाठी काढून देताना तिच्या सासरी काय बोलणी झाली असतील, हे कुठल्या चरित्रात विस्ताराने येत नाही.

धोंडो केशव कर्व्यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवावे. 1891 मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. कर्व्यांनीही पुन्हा लग्न केले, 1893 मध्ये, आणि तेही विधवेशीच. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. विधुराने विधवेला बरोबरीने घरात आणणे एवढ्याने गाव बिथरत असे, यावरून आधीची व्यवस्था किती सोयीची होती ते कळते.

हे सारे मनात ठेवून सत्यजित रायांचा ‘अपूर संसार’ (1959) पाहावा. बाळंतपणात अपर्णा जाते. अपू पोराचे तोंडही पाहत नाही. पाच वर्षे भटकतो, लिहिलेली कादंबरी डोंगरावरून उधळून देतो. काजल आजोळी वाढतो, रानटी आणि पोरका. भारतीय चित्रपटातला सर्वांत थोर विधुर बाप हा चित्रपटभर बाप नसतोच. तो बाप होतो आणि चित्रपट संपतो. राय यांनी त्याला माफ केले, काजलनेही केले. पण पाच वर्षे त्या पोराला घास कोणी भरवला हे आजोळच्या अंधारात राहते. जपानच्या ओझूने 1942 मध्ये ‘एक होता बाप’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. त्यातला विधुर शिक्षक मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्यापासून वर्षानुवर्षे दूर राहतो. तिथेही बाप आहे, वात्सल्य आहे आणि रोजचे मूल-सांभाळणे चौकटीबाहेर आहे. थोर दिग्दर्शकांना बापाची माया दाखवता येते. धुणे, ताप, शाळेचा डबा दाखवायला मात्र सामान्य वकुबाचे अलीकडचे चित्रपटच पुढे आले. त्यांना श्रेय द्यायचे ते याचे. आत्या नसलेल्या दोन खोल्यांच्या घरात बापाला स्वतःच वेणी घालायला शिकावे लागते आणि कॅमेरा तिथे थांबतो.

हे आम्ही नवेगाव बांधहून लिहीत आहोत, कोलू पाटील कोहळींनी अठराव्या शतकात बांधलेल्या तलावाच्या काठावरून. या तलावात पावसाळ्यात कमळपक्षी अंडी घालतो, आणि आमच्याकडच्या पक्षीवेड्यांना ठाऊक असलेली गंमत अशी की ती अंडी उबवण्याचे आणि पिल्ले वाढवण्याचे काम नराचे. मादी चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. मारुती चितमपल्ली ज्या गावात वनाधिकारी म्हणून राहिले, माधवराव पाटलांच्या सहवासात पक्षी वाचायला शिकले, तिथे ही गोष्ट नवी नाही. तिच्यावरून माणसांना उपदेश करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. कमळपक्ष्याला सासर-माहेर नसते.

पण तलावापेक्षा नाटकाचा मंडप महत्त्वाचा. दिवाळी झाली, धान घरात आले की झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात आणि रात्री नाटक. वडसा इथल्या नाटक कंपन्यांची कचेरी गाठून गावोगावचे लोक प्रयोग ठरवतात. रात्री उशिरा पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत, थंडीत चादरी गुंडाळून बसलेल्या हजारोंसमोर. पुण्याच्या नाट्यसमीक्षेने या रंगभूमीकडे बराच काळ नाक मुरडून पाहिले. 2022 मध्ये तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ने तिला पडद्यावर आणले तेव्हा थोडी दखल घेतली गेली. इथली नाटके कौटुंबिक असतात. सून, सासू, दारू, वाटणी, जमीन, सावत्रपण. प्रेक्षकांत बायका निम्म्याहून कमी नसतात आणि आवडले नाही तर त्या तसे सांगतात. विधुर बापाची गोष्ट नीट उभी राहायची असेल तर ती इथे राहील, कारण रोवण्याला हात कमी पडणे म्हणजे काय हे या मंडपात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

सरकारनेही या बापाला उशिराच ओळखले. बालसंगोपन रजा आधी बाईपुरती होती. 2018 मध्ये राज्य सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी 180 दिवसांची अशी रजा लागू करताना पत्नी हयात नसलेल्या पुरुषांनाही तिच्यात घेतले. केंद्रानेही त्याच वर्षी एकल पुरुष पालकाला ही रजा खुली केली. चांगलेच झाले. पण ही रजा हजेरीपटावर नाव असणाऱ्याची. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या बांधीत धान पिकवणारा, तलावात जाळे टाकणारा ढिवर, तेंदूपत्ता वेचणारा मजूर यांच्या रजेचा अर्ज कोण मंजूर करणार? एक पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची ही योजना दरमहा 2250 रुपये देते. आऊच्या मांडीवर वाढलेल्या नवऱ्याबरोबर जिने विधवांची मुले सांभाळली, तिचे नाव या योजनेला शोभते. रक्कम शोभत नाही. आणि ती विधुराच्या मुलालाही मिळू शकते हे अंगणवाडीच्या पायरीवर पोर सोडून बांधीकडे धावणाऱ्या बापाला कोणीतरी जाऊन सांगावे लागते. हे काम ग्रामपंचायतीने रोवण्याच्या आधी करावे, दिवाळीनंतर नको.

वडसाच्या लेखकांना एक सुचवायचे आहे. पुढच्या हंगामात हा विषय घ्याच. विधुर नायकाचा टाळ्या घेणारा संवाद तुम्हाला अवघड नाही, पोराचे गाणेही तुम्ही झोपेत लिहाल, आणि दुसऱ्या अंकात सावत्र आई आणायचा मोह झाला तर एक वर्ष आवरा. पण घरात आत्या असेल तर तिला पाणी आणून देण्यापुरती रंगमंचावर पाठवू नका. ती माहेरी का राहिली, तिचे स्वतःचे मूल होते का, भावाने दुसरे लग्न केले नाही याचे गावभर कौतुक चालू असताना तिला एकदा तरी कोणी लग्नाचे विचारले होते का, हे तिच्या तोंडून येऊ द्या. तिसऱ्या अंकाचा सगळ्यात मोठा प्रवेश तिला द्या, आणि जाहिरातीच्या फलकावर नायकाच्या बरोबरीने तिचा फोटो छापा.